भाडं शून्य, डिपॉझिट दीड लाख

चौथ्या महिन्याच्या दहा-बारा तारखेला सकाळी दार वाजतं. बाहेर एक अनोळखी गृहस्थ उभे असतात. "तुम्ही कोण? खोली तर मी दुसऱ्याला दिलीय. तीन महिने भाडं देत होता, आता फोन उचलत नाही." आत राहणारी बाई सांगते, "काका, आम्ही दीड लाख भरलेत." त्यावर ते विचारतात, "कुणाला?"

चाकण, रांजणगावसारख्या एमआयडीसीच्या भोवतालच्या गावांत कंत्राटी कामगारांच्या कुटुंबांची जी फसवणूक होते, ती या एका प्रश्नात सापडते. पैसे गेले ते मालकाला गेलेच नाहीत. मधला माणूस मालकाचा साधा भाडेकरू होता. त्याने चाळीतली दहा बाय बाराची खोली चार हजार महिना आणि दहा हजार डिपॉझिट या दराने घेतली, आणि पुढे 'हेवी डिपॉझिट'वर दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली. दीड लाख एकरकमी, भाडं शून्य, लाइट बिल तुमचं, अकरा महिन्यांनी पूर्ण रक्कम परत.

त्याचा हिशोब मांडून बघा. मालकाला दहा हजार डिपॉझिट आणि तीन महिन्यांचे बारा हजार, असे बावीस हजार त्याने घातले. हातात राहिले एक लाख अठ्ठावीस हजार. वेगवेगळ्या चाळींत अशा आठ खोल्या केल्या की दहा लाखांच्या वर. तीन महिने तो भाडं का भरतो? कारण तेवढ्या मुदतीत बाकीच्या खोल्या खपवायच्या असतात. पहिल्याच महिन्यात मालक दारात आला, तर पुढची गिऱ्हाईकं फुटतील.

फसणाऱ्याला लोभी म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. पंधरा-सोळा हजार पगारात चार हजार भाडं गेलं की उरतं काय? त्यामुळे गावाकडचं सोनं गहाण ठेवून किंवा बचत गटाचं कर्ज उचलून 'एकदाच भरू' हा विचार पटतो. पण गणित उलट्या बाजूनेही करून बघावं. दीड लाखावर वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचं भाडं माफ, म्हणजे बत्तीस टक्के व्याज झालं. ज्याच्या मालकीची चाळ आहे, त्याला बँकेकडून याच्या निम्म्या दरात कर्ज मिळतं. मग तो तुम्हाला बत्तीस टक्के का देईल? खरे मालक हेवी डिपॉझिट घेतच नाहीत असं नाही, अडचणीतले घेतात. पण तेव्हा अडचण कसली आहे, हे विचारणं आलंच. घरावर बँकेचा बोजा असेल आणि सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) ची थकबाकी भरण्याची नोटीस येऊन गेली असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर भाड्याने देता येत नाही. मग मालक खरा असूनही तुमचं डिपॉझिट बुडीतच.

आता कागद. या व्यवहारात हमखास दाखवला जातो तो ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवरचा नोटरी केलेला करार. लाल गोल शिक्का, चिकटवलेली तिकिटं, प्रत्येक पानावर सही. दिसायला तो खऱ्या नोंदणीकृत करारापेक्षा भारदस्त दिसतो. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीकृत कराराला दोन्ही बाजूंचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, चलनाचा जीआरएन (सरकारी पावती) क्रमांक आणि दस्त क्रमांक असतो. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. अकरा महिन्यांच्या साध्या खोलीला ते शे-दीडशे रुपयांत बसतं. त्यावर दस्त हाताळणीचे ३०० आणि एजंटची मजुरी. "नोंदणीला फार खर्च येतो" असं कुणी म्हणालं, तर पाणी तिथेच मुरतंय.

मात्र इथे एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. नोंदणी करताना मालकी तपासली जात नाही. आधारवर अंगठा जुळला की माणूस तोच आहे एवढं सिद्ध होतं, घर त्याचं आहे हे नाही. मधला माणूस स्वतःलाच मालक म्हणून लिहून स्वतःच्या अंगठ्याने करार नोंदवू शकतो. म्हणून करारातलं मालकाचं नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ताडून बघायचं. चौकटीवर किंवा भिंतीवर रंगाने मिळकत क्रमांक लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जा आणि त्या क्रमांकाचा नमुना ८ चा उतारा मागा. फी नाममात्र असते. चाळ शेतजमिनीत बांधलेली असेल आणि ग्रामपंचायतीत तिची नोंदच नसेल, तर त्या गटाचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, तेही तिथेच वाचा. लाइट बिलावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. कित्येक चाळींत मीटर एकाच्या नावावर आणि खोल्यांना सबमीटर असतात.

कागदाआधी शेजारी विचारावं. "मालक कोण?" असं विचारलं तर शेजारीही ऐकीव नाव सांगतात. त्याऐवजी विचारा, "पाण्याची मोटार कोण चालू करतं? सबमीटरचं रीडिंग घ्यायला कोण येतं? भाडं कुणाच्या हातात देता?" शेजारच्या तीन खोल्या एका माणसाचं नाव घेत असतील आणि तुम्हाला चावी दुसराच देत असेल, तर टोकन देऊ नका. "मालक मुंबईला असतात, मीच सगळं बघतो" हे वाक्य आलं की कुलमुखत्यारपत्र मागा. ते नुसतं नोटरी केलेलं असेल तर त्याच्या भरवशावर दीड लाख देऊ नयेत. व्हिडिओ कॉलवर दिसलेला मालक हा मालक असेलच असंही नाही.

आणि पैसे. नमुना ८ वर जे नाव, करारावर जे नाव आणि ज्या बँक खात्यात डिपॉझिट जातं त्यावर जे नाव, ही तिन्ही एकच हवीत. "भावाच्या खात्यावर टाका", "अर्धे रोख द्या" असं झालं की पुढे पोलिसांत दाखवायला निम्मेच पैसे उरतात. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात आकड्यात आणि अक्षरात हवी. शुल्क वाचवायला डिपॉझिट पाच हजार लिहायचं आणि दीड लाख घ्यायचे, हा प्रकार सर्रास चालतो. दीड लाखावर त्याने शुल्क वाचतं जेमतेम तीस-पस्तीस रुपये.

खोली न बघताच ऑनलाइन टोकन मागणारे वेगळे. त्यांच्यासाठी एवढंच: पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

समजा फसवणूक झालीच आणि खरा मालक दारात आला. त्याच्याशी भांडू नका. तो तुमचा सगळ्यात कामाचा साक्षीदार आहे. मधल्या माणसाबरोबर झालेल्या त्याच्या कराराची प्रत आणि भाडं कुठल्या खात्यातून यायचं, ते मागून घ्या. खोली सोडायला लेखी मुदत मागा. तोंडी भरवशावर सामान बाहेर काढलं की ताबाही गेला आणि पुरावाही. त्याच माणसाने आणखी कुठे खोल्या दिल्यात, याची चौकशी गावात करा.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर बहुधा "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असं मिळतं. एकट्या कुटुंबाच्या तक्रारीत ते खरंही वाटतं. पण तीन-चार कुटुंबांनी एकत्र अर्ज दिला की सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दिसतं, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागू होतं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना (चाकणसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांना) टपालाने तक्रार पाठवा, आणि तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

वकिलाला पैसे नसतील, तर तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा फोन १५१००. करार खोलीत राहणाऱ्या बाईच्या नावावर असेल आणि डिपॉझिट तिच्या खात्यातून गेलेलं असेल, तर अर्जही तिच्याच नावाने होतो आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे वाचतात. पैसे परत मिळवायचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून पोलिसांचं काय होतंय याची वाट बघत तो लांबवू नका.