नोकरीतल्या शिक्षकाने काय निवडावं: दूरस्थ भूगोल की नियमित भूशास्त्र?

नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीचा पदव्युत्तर भूगोल पेलतो. अभ्यास रात्री, संपर्क वर्ग बहुधा सुटीच्या दिवशी, पगार चालू. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण यादीत त्या वर्षासाठी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते बघाच. शाळेची लेखी परवानगीही आधीच घ्या, नाहीतर सेवापुस्तकातली नोंद अडते.

नियमित एम.एस्सी. भूशास्त्राला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला तो विषय लागतो, शिवाय दोन वर्षांची रजा. पण हात तयार होतो तो तिथेच. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी बेसाल्ट खडकाचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासावा लागतो. जाड राहिला तर त्यातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज करड्या-पांढऱ्याऐवजी पिवळसर दिसतं आणि खनिजाची ओळख चुकते. १:५०,००० च्या नकाशावर दख्खनचे लाव्हाथर आखताना दोन थरांमधला लाल मातकट पट्टा सापडला, की सीमा पक्की करता येते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, डोंगर चढावाच लागतो.

दहावीपर्यंत भूगोल शिकवणाऱ्यांना आम्ही दूरस्थ मार्गच सुचवू. मात्र दर सुटीत चार दिवस होकायंत्र आणि हातोडी घेऊन बाहेर पडा. कनिष्ठ महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायचं असेल, तर भूगोलाची पदवी चालणार नाही.