चिकुनगुनियानंतरचे सात महिने: ताकद कशाने आली, कशाने नाही

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात चिकुनगुनियाची साथ होती, त्यात मी सापडले. ताप चार दिवसांत उतरला, पण सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळेना. कुकरचं झाकण लागत नव्हतं, कणीक मळता येत नव्हती, टूथपेस्टचं टोपण दातांनी उघडत होते. वजन ५८ वरून ५३ वर आलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुसरा मजला आला की कठड्याला टेकून उभं राहावं लागायचं.

भेटायला येणाऱ्यांनी ताकदीसाठी म्हणून पावडरीचे तीन डबे आणले, चॉकलेटच्या चवीचे. पहिला डबा मी दोन्ही वेळा दुधातून मनोभावे घेतला. तो संपत आला तेव्हा भाचीने डब्याची मागची बाजू वाचून दाखवली. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी छापतात, आणि त्यात साखर दुसऱ्या नंबरवर होती. ३० ग्रॅम पावडरीत प्रथिनं ५ ग्रॅम. ज्या दुधात ती ढवळत होते, त्या एका पेल्यात त्याहून जास्त! २०२४ च्या एप्रिलमध्येच केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं होतं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाही. आजारी माणसाकडे जाताना कृपा करून हे डबे नेऊ नका. अंडी न्या, शेंगदाण्याचे लाडू न्या.

मग डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. व्हिटॅमिन डी ११, बी १२ १६८, हिमोग्लोबिन १०.४. हे आजारामुळे झालेलं नव्हतं, आधीपासूनच कमी होतं. आजाराने ते उघडं पाडलं, इतकंच. तपासणी आधी आणि ताकदीचे डबे-गोळ्या नंतर, हा क्रम मी उलटा केला होता.

डीचं पाकीट ६०,००० युनिटचं, आठवड्यातून एक, असं आठ आठवडे. ते तेला-तुपासोबत अंगी लागतं, म्हणून मी रविवारच्या जेवणानंतर दुधातून घ्यायचे आणि कॅलेंडरवर फुली मारायचे. फुलीचं कारण सांगते. आमच्या शेजारच्या काकूंना मेडिकलच्या दुकानातून हेच पाकीट मिळालं, पण कसं घ्यायचं ते कुणी सांगितलं नाही आणि त्या रोज एक घेत होत्या. सहाव्या दिवशी बोलता बोलता कळलं. डी शरीरात साठून राहतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. काकूंना लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्या ठीक आहेत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पाकीट तुम्ही स्वतः वाचा.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते, घाबरू नका. ती मी लिंबूपाण्यासोबत घेतली, चहा आणि कॅल्शियम तिच्यापासून दोन तास लांब ठेवलं. झिंक उपाशीपोटी घेतलं त्या दिवशी इतकं मळमळलं की पुन्हा घेतलं नाही. बी १२ च्या गोळ्यांनी तळपायांच्या मुंग्या दोनेक महिन्यांत कमी झाल्या.

सगळ्यात फरक पडला तो प्रथिनांनी. आपल्याकडे निरोगी माणसासाठी शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे; माझं वजन बघून डॉक्टरांनी दिवसाला साठेक ग्रॅम सांगितलं. मी आठवडाभर वहीत मांडलं तर माझ्या पोटात तिसाच्या आसपास जात होतं! दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भाजी, एक पेला दूध. आजारपणात तर नुसता मऊ भात. मग व्हे प्रोटीन आणलं, म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची पावडर, किलोला पावणेतीन हजार. डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात २४ ग्रॅम प्रथिनं. साध्या व्हेने पोट फुगलं, म्हणून दुसऱ्या महिन्यात आयसोलेट, म्हणजे व्हेचाच जास्त गाळलेला प्रकार, घेतलं. त्यात दुधातली साखर फार कमी असते, ते मानवलं. उकळत्या दुधात घालू नका, रव्यासारख्या गाठी होतात. कोमट पाण्यात आधी पेस्ट करायची, मग दूध. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी विचारल्याशिवाय हा डबा उघडूच नये.

व्हेसोबत सकाळी दोन अंडी आणि संध्याकाळी मुगाचं कढण. सासूबाईंनी नारळाच्या पाण्यात भिजवून अळिवाचे लाडू केले. गोळ्यांच्या रांगेत रोज वाट बघावी असं तेवढंच होतं.

पण नुसतं खाऊन स्नायू भरले नाहीत. फिजिओथेरपिस्टने दिवसातून तीनदा, दहा वेळा खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं आणि कोमट पाण्यात स्पंजचा बोळा पिळायला. पहिल्या दिवशी स्पंजमधून थेंबसुद्धा निघाला नाही. नोव्हेंबरच्या शेवटी तो कोरडा पिळता आला. सांध्यांची सूज मात्र यातल्या कशानेही उतरली नाही, तिला वेळच लागला. डाव्या मनगटात सकाळी अजून थोडी उरलेली आहे.

आता एप्रिल. वजन ५६, डी ३४, हिमोग्लोबिन १२.१. लोह बंद, डी महिन्यातून एकदा. व्हेचा तिसरा डबा संपला, चौथा आणलेला नाही. अंडी, डाळ आणि दही मिळून साठ भरतात, वहीत मांडून पाहिलं. परवा कुकरचं झाकण एका हाताने लावलं.