आमच्या सोसायटीचे आठ कॅमेरे : पाचपैकी अडीच तारे

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माल वाईट नव्हता, बसवणारा घाईत होता. आणि आम्ही सोळाच्या सोळा फ्लॅटवाले 'मोबाइलवर दिसतंय ना, मग झालं' म्हणून खूश होतो.

पुण्यात डहाणूकर कॉलनीत आमची इमारत. खाली पार्किंग, वर चार मजले. आठ कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा), एक टीबीची हार्डडिस्क, वायरिंग, फिटिंग सगळं धरून ३८,५०० रुपये. माझी अख्खी नोकरी बँकेत कॅशवर गेली, म्हणून सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय आणि हिशेब तोंडपाठ आहे : फ्लॅटमागे २,४०६ रुपये २५ पैसे. पंचवीस पैसे कोणाकडे मागायचे? वरचे चार रुपये मीच घातले.

दीड वर्ष सगळं छान चाललं. म्हणजे काही घडलंच नाही. मग एका मंगळवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजीला निघाले, तर ॲक्टिव्हा जागेवर नाही. काका रागावले, पण घाबरले नाहीत. "कॅमेरे कशाला लावलेत?" म्हणाले आणि माझ्याकडे चहा प्यायला बसले.

फुटेज सापडलं. दोघं जण बाइकवरून येतात, एक उतरतो, वाकतो, दीड मिनिटात ॲक्टिव्हा ढकलत बाहेर. अगदी स्वच्छ दिसतं. काय दिसतं? टोपी. कॅमेरा बारा फुटांवर, छताच्या कोपऱ्यात, म्हणजे 'सगळं कव्हर होतं'. त्यात डोक्याचा वरचा भाग कव्हर होतो, चेहरा नाही. त्यांच्या बाइकचा नंबर? नंबरप्लेटच्या जागी पांढरा शुभ्र चौकोन, जणू कोणी ट्यूबलाइट बांधून आणली आहे. रात्री कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो, प्लेट तो उजेड तसाच परत फेकते आणि आकडे धुऊन निघतात. हे मला चौकीतून आलेल्या हवालदारांनी सांगितलं. बसवणाऱ्याने नाही.

त्यांनी दुसरंही एक केलं. स्क्रीनवर वेळ होती ४:५२. त्यांनी रेकॉर्डिंग बंद करून चालू चित्र लावायला सांगितलं आणि आपला मोबाइल शेजारी धरला. आमचं डीव्हीआर ४७ मिनिटं पुढे! बसवल्या दिवसापासून घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. "मॅडम, पुढच्या चौकातला कॅमेरा आम्ही चार पाचला बघायचा की चार बावन्नला?" मी गप्प. दिवसाअखेर कॅश एक रुपयाने चुकली तरी घरी न जाणारी बाई मी.

चोर मिळाले नाहीत, पण गाडी मिळाली, आणि ती शेजारच्या किराणावाल्यामुळे. त्याच्याकडे एकच स्वस्तातला कॅमेरा, शटरच्या उंचीवर, त्यावर रात्रभर बल्ब चालू. पहाटे क्रेटमधून दुधाच्या पिशव्या कोण उचलतं ते बघायला त्याने तो लावलाय. त्यात चार वाजून सात मिनिटांनी काकांची ॲक्टिव्हा जाताना दिसली, रंगीत, कोणत्या गल्लीत वळली त्यासकट. वीस दिवसांनी त्याच बाजूला एका बंद बंगल्यापाशी ती उभी सापडली. पेट्रोल संपलेलं.

तोवर आमचं मूळ रेकॉर्डिंग पुसलंही गेलं होतं. 'तीस दिवस राहतं' म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात नऊ दिवसांत जुन्यावर नवं चढतं. नशीब, मी पहिल्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. ते पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. माझ्या ताब्यातल्या यंत्रातून हे निघालंय, असं लिहून सही करावी लागते. वेळ ४७ मिनिटं चुकलेली आहे हेही मी त्यात लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीच्या आईचा जळगावहून फोन आला. "ताई, एरिया सेफ आहे ना? क्राइम रेट किती?" मी प्रामाणिकपणे शोधायला बसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल पुण्याचा आकडा देतो, लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे तेही सांगतो. पण तो अख्ख्या शहराचा आणि तोही नोंदलेल्या गुन्ह्यांचा. आमच्या गल्लीत दोन वर्षांत दोन गाड्या गेल्या, एका आजींचं मंगळसूत्र खेचलं गेलं, रॅकवरून चार जोड बूट गेले. दुधाच्या पिशव्यांची तर गिनतीच नाही. कागदावर आल्या फक्त दोन गाड्या. आजींच्या मुलाने 'कोण कोर्टाच्या फेऱ्या मारणार' म्हणून तक्रारच दिली नाही. खरं तर १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावण्याला कलम ३०४ वेगळं आहे, पण कलम असून काय, सांगायला कोणी जायला हवं ना. मी त्या आईंना म्हटलं, दिवसा काळजी नाही. पहाटे चार ते साडेपाच गल्लीत चिटपाखरू नसतं, तेव्हा एकटीने बाहेर पडू नको म्हणावं.

आता कॅमेऱ्यांचं. गेटवरचा आम्ही साडेसात फुटांवर उतरवला आणि तिथे वीस वॅटचा एलईडी लावला, त्यामुळे चित्र रात्रीही रंगीत येतं. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागतं. डीव्हीआर जिन्याखाली मीटरपाशी उघडा पडला होता, पासवर्ड १२३४. तो माझ्या माळ्यावर गेला आणि पासवर्ड मला एकटीला नाही, खजिनदारांनाही माहीत आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. कॅमेऱ्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतात, म्हणून शनिवारी वॉचमन झाडू फिरवतो. हे सगळं मिळून २,१०० रुपयांत झालं.

दुकानदाराचा आता एएमसीसाठी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारासाठी, फोन येतोय, वर्षाला साडेचार हजार. मी म्हटलं, देते, पण एकदा रात्री नऊला या आणि पार्किंगमधल्या गाडीचा नंबर मला मोबाइलवर वाचून दाखवा. तर म्हणाला, "मॅडम, सहानंतर आमचा माणूस येत नाही."