घरच्या सर्व्हरसाठी डेबियन की उबुंटू सर्व्हर?

१९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलेले डेबियन आणि त्याच्याच पायावर २००४ मध्ये उभे राहिलेले उबुंटू या दोन लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम्सत खरा फरक जाणवतो तो इन्स्टॉलेशनच्या वेळी.

डेबियनचा इन्स्टॉलर प्रश्न बरेच विचारतो. त्यात रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडल्यास पहिल्याच वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरते रूटसारखे काम करण्याचे अधिकार मिळतात, आणि सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉपवरची खूण काढून एसएसएच सर्व्हरवर (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे जोडण्याची सोय) केली की अनावश्यक भार टळतो. वाय-फाय किंवा नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर (ते चालण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर) वेगळे शोधण्याची जुनी कटकट आवृत्ती १२ पासून बहुतांशी संपली.

उबुंटूचा इन्स्टॉलर सुटसुटीत आहे, मात्र एक खोच लक्षात ठेवावी: एलव्हीएमची (डिस्कची जागा लवचिकपणे विभागणाऱ्या पद्धतीची) मूळ मांडणी तशीच स्वीकारली, तर १ टीबीच्या डिस्कवरही रूट विभागाला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य विभागाला, सुमारे १०० जीबीच मिळतात आणि उरलेली जागा मागाहून वाढवून घ्यावी लागते, हे अनेकांना डिस्क भरल्यावरच कळते.

डेबियनला आणि उबुंटूच्या दीर्घकालीन (एलटीएस) आवृत्त्यांना सुमारे ५ वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटू प्रो ही वाढीव सेवा घेतल्यास ती मुदत १० वर्षांवर जाते, व वैयक्तिक वापरासाठी ५ यंत्रांपर्यंत ते मोफत आहे. या लांब मुदतीमुळेच कार्यालयासाठी मी उबुंटू निवडेन. घरातल्या जुन्या, कमी रॅमच्या यंत्रासाठी मात्र डेबियनच.