इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकवणारं ॲप, सात महिन्यांनंतर

ॲपचं नाव लिहीत नाहीये, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. मी नाशिकला द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसात डिस्पॅच बघतो. सीझनला दिवसभर न्हावाशेव्याला, म्हणजे बंदरावर, फोन आणि अधूनमधून रॉटरडॅमच्या बायरला पण, रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) निघाला का, पेपर मिळाले का. आणि मी चार वर्षं बिनधास्त "डिड द कंटेनर लेफ्ट?" असंच विचारत होतो, कोणी हटकलं नाही, कारण समोरचाही तसंच बोलायचा.

ॲपने पहिल्याच आठवड्यात हे धरलं. डिड आला की भूतकाळ त्यानेच उचलला, पुढचं क्रियापद कोरं, लीव्ह. डजने एस उचलला म्हणून "डज ही वर्क", वर्क्स नाही. आता हा नियम शाळेपासून पाठ आहे हो, पण तोंड ऐकत नाही ना! मला विचाराल तर गोची मराठीत आहे, आपण "निघाला"ला नुसतं "का" चिकटवलं की झाला प्रश्न, क्रियापदाला हात लावायचं कामच नाही, मग लेफ्टचं परत लीव्ह करायचं हे सुचणार कुठून. ॲपमध्ये हे कुठेच नाही, ते फक्त घोकून घेतं. पण घोकण्याचाच फायदा झाला हेही खरं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं हूने. "हू कॉल्ड यू?" म्हणजे तुला कोणी फोन केला, इथे हू स्वतःच कर्ता म्हणून डिड नको. "हू डिड यू कॉल?" म्हणजे तू कोणाला केलास, इथे डिड पाहिजेच. आपलं "कोणी" आणि "कोणाला"वर भागतं, यांना अख्खं वाक्य हलवावं लागतं. दोन आठवडे यातच गेले. मग "कोण कोण येतंय"ला मी "हू आर कमिंग" टाकलं तर लाल फुली, दहा जण येणार असले तरी म्हणे हू इज!

तक्रार एकच पण मोठी, चूक का झाली ते सांगतच नाही. "व्हेन हॅव यू सेंट द पेपर्स?" तीनदा चुकलं, शेवटी बीए करणाऱ्या भाचीने सांगितलं, मामा, व्हेन म्हणजे नक्की कधी ते विचारतोयस, तिथे हॅव नाही चालत, "व्हेन डिड यू सेंड" म्हण. आणि "हॅव यू गॉट"ला पण फुली मारतं, आमचा लंडनचा बायर तर रोज तसंच विचारतो, आता त्याला काय ॲप लावायला सांगू?

तरी पैसे भरून पुढचं वर्ष घेतलंय. परवा न्हावाशेव्याला फोनवर "डिड द कंटेनर लीव्ह?" अगदी आपोआप निघालं तोंडातून, मीच खूश. पलीकडून उत्तर आलं, "येस सर, इट डिड लेफ्ट."