‘चार्लीज एंजल्स’, सीझन पहिला: ट्रंक बोर्डावरच्या बाईचं मत

ठाणे स्टेशनबाहेर जुन्या सीड्या विकणाऱ्या एका दुकानातून 450 रुपयांना हा डीव्हीडी संच आणला. दुकानदार म्हणाला, “मावशी, डिस्क एकदम चकाचक.” चकाचक होत्या खऱ्या, पण त्यातली एक मधेच अडकते. चित्राचे चौकोन होतात आणि माणसं उचकी लागल्यासारखी बोलतात. परत घेऊन गेले तर म्हणे तुमचा प्लेअर जुना असेल. जुना आहेच, पण बाकीच्या डिस्क त्याच प्लेअरवर चालतात ना? शेवटी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसायची नसते), तेव्हा जरा वठणीवर आली.

ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर 1976मध्ये सुरू झाली. तेव्हा आमच्याकडे टीव्हीच नव्हता. 1979मध्ये मी टेलिफोन खात्यात लागले, पंधरा वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देण्यात काढली, मग लोकांना फोन नंबर सांगणाऱ्या 197च्या चौकशीवर. हे सांगायचं कारण म्हणजे, मालिकेतल्या सुंदर पोरींपेक्षा माझं लक्ष सारखं टेबलावरच्या त्या स्पीकरच्या डब्याकडे जात होतं.

तीन पोरी पोलिसांत भरती होतात, तिथे त्यांना किरकोळ कामं देतात, मग चार्ली टाउनसेंड नावाचा माणूस त्यांना आपल्या गुप्तहेर कंपनीत घेतो. सुरुवातीला चार्ली हे स्वतःच गोष्टीसारखं सांगतो. त्या किरकोळ कामांना तो ‘जोखमीची’ म्हणतो, त्यातली मेख ऑफिसात राबलेल्या बाईला लगेच कळते. पुढे हा साहेब कधी तोंड दाखवत नाही. दिसला तर पाठ, नाहीतर हात, आणि शेजारी कोणीतरी देखणी बाई. काम मात्र सांगतो टेबलावरच्या त्या स्पीकरच्या डब्यातून. त्याला आवाज दिलाय जॉन फोर्साइथने. तो सेटवर यायचाच नाही, आवाज वेगळा रेकॉर्ड व्हायचा. आणि काय आवाज! ताण नाही, घाई नाही, गरम वरणभातावर तूप सोडावं तसा. असे आवाज मला पाठ होते. रोज रात्री नऊनंतर नागपूरचा कॉल बुक करणारे एक गृहस्थ होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण “ताई, लाइन मिळेल का?” एवढ्यावरून त्या दिवशी त्यांचं घरी भांडण झालंय की नाही ते मला समजायचं. या पोरींनाही चार्लीचं तसंच समजत असणार असं वाटतं, पण लेखकांनी ते कधी दाखवलं नाही. माझ्या लेखी हीच मालिकेतली सगळ्यात मोठी चूक.

रहस्य म्हणाल तर बेताचं. ऐरोलीहून आलेली माझी नणंद शेंगा सोलता सोलता पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ओळखते. दर दोन भागांआड कोणाला तरी वेषांतर करून पोहण्याच्या तलावाशी जावंच लागतं, तपास तिथेच पडलेला असतो जणू. बायकांच्या तुरुंगात शिरण्याचा एक भाग आहे. त्यात तिघी साखळीने बांधलेल्या अवस्थेत दलदलीतून पळतात आणि केस मात्र जागच्या जागी. तिघींतल्या फारा फॉसेटचे ते उडते केस बघून मी म्हटलं, आमचा हेडसेट लावून एक शिफ्ट केली असती तर चपाती झाली असती. ती एका सीझननंतर गेली आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेत शेरिल लॅड आली. पोरींपैकी पाचही सीझन टिकली ती एकटी जॅकलीन स्मिथ.

तिघींत मला आवडली ती केट जॅक्सनची सब्रिना. साधी पँट, बंद गळ्याचा स्वेटर, आणि साहेबाचं बोलणं संपायच्या आत पुढचा प्रश्न तयार. आमच्या बोर्डावर अशी एक सिनियर होती. ती ‘तीन मिनिटं झाली’ म्हणाली की पलीकडचा माणूस निमूटपणे फोन ठेवायचा. तिघी गाडीत बसून एकमेकींची टिंगल करतात, एकीला वेळ लागला तर दुसरी सांभाळून घेते, तेवढ्यासाठी मी पुढचा भाग लावायचे. आणि चार्लीचा मदतनीस, बिचारा बॉसली! डेव्हिड डॉइलने त्याला असा रंगवलाय की त्याला बसवून चहा द्यावासा वाटतो. पहिल्या लांब भागात चार्लीचा आणखी एक मदतनीस आहे, वुडव्हिल नावाचा. पुढे त्याला काढून टाकलं ते बरं झालं, एका ऑफिसात एवढे साहेब कशाला?

मालिकेला साडेतीन तारे. दुकानाला एक, तोही पिशवी फुकट दिली म्हणून.

परवा ती अडकणारी डिस्क परत लावली. शेवटचा प्रसंग, तिघी सोफ्यावर, डब्यातून चार्ली शाबासकी द्यायला लागला आणि नेमका “एं... एं... एं...” करत थांबला. मी उठेपर्यंत तोंडातून निघूनच गेलं, “हॅलो, बोला, लाइन चालू आहे.” नणंद शेंगांची परात सांडेपर्यंत हसली.