रॉकाबिली कपडे सात-आठ महिने अंगावर वागवल्यावर

रॉकाबिली म्हणजे १९५०च्या दशकातलं, कंट्री आणि ऱ्हिदम-अँड-ब्लूजच्या मिश्रणातून आलेलं अमेरिकी संगीत, आणि त्यासोबतची कपड्यांची ढब. काय काय घेतलं ते आधी सांगते: रेयॉन गॅबर्डिनचा एक जुना वेस्टर्न, म्हणजे काउबॉय धाटणीचा, शर्ट, १९५०च्या दशकातला सुती फ्रॉक, जाड सेल्व्हेज (मागावरच पक्की किनार विणलेल्या) डेनिमची नवी जीन्स आणि हल्लीच शिवलेला, चेरीछाप, हॉल्टर गळ्याचा घेरदार ड्रेस. मी ह्यूस्टनला राहते आणि नियमित जाइव्ह नाचायला जाते. त्यामुळे हे कपडे फोटोपुरते राहिले नाहीत, इथल्या दमट उकाड्यात घामाने भिजेपर्यंत वापरले.

गंमत म्हणजे चौघांपैकी ‘रॉकाबिली’ म्हणून विकला गेला तो फक्त चेरीचा ड्रेस. माझ्या मते सगळ्यात कमी रॉकाबिली तोच. चेरी आणि ठिपके पन्नासच्या दशकातही होते, पण ते कुणीही घालायचं. त्यांचा जणू गणवेश झाला तो पुढच्या पुनरुज्जीवनात. १९८०मध्ये स्ट्रे कॅट्स हा अमेरिकी बँड लंडनला जाऊन गाजला, त्या लाटेत आणि तिच्यानंतर. मूळ मामला निराळा. १९५४ साली एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड मेम्फिसच्या सन स्टुडिओतून निघाली. या संगीतातली बहुतेक पोरं अमेरिकेच्या दक्षिणेतली, हातावर पोट असलेल्या घरांतली. कामावरची जीन्स, कंट्री गायकांचे टिचबटणांचे शर्ट, आणि मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरच्या लॅन्स्की ब्रदर्स या कपड्यांच्या दुकानाचा गुलाबी-काळा भपका. या दुकानात आधीपासून कृष्णवर्णीय संगीतकार कपडे घ्यायचे, एल्विस तिथे नंतर पोहोचला. ही तिहेरी सरमिसळ दिसली तरच मी रॉकाबिली म्हणते. नुसतं साल जुळून भागत नाही. त्याच वर्षांतला राखाडी फ्लॅनेलचा सूट व्हिंटेज आहे, रॉकाबिली मुळीच नाही.

या कसोटीवर शर्ट पहिला. खांद्यावरचा योक (वरचा जोडपट्टा) टोकदार, खिशांच्या झाकणांना करवतीसारखे दोन दात, मनगटाला ओळीने मोतिया टिचबटणं, पाठीवर साखळी टाक्याने काढलेला गुलाब. गुलाबाच्या एका पाकळीचा दोरा सुटलाय, आणि साखळी टाका एकदा सुटला की सरसर उसवत जातो, म्हणून आतून हाताने बांधून घेतला. कापड अंगावर पडतं अप्रतिम, गिरकी घेतली की पाठ शरीराच्या अर्धा क्षण मागून वळते. पण रेयॉन ओलं झालं की अशक्त होतं. मशीनमध्ये टाकायचा नाही, पिळायचा नाही, हँगरला ओला टांगायचा नाही. गार पाण्यात बुचकळून टॉवेलवर पसरते. डांबराच्या गोळ्यांचा वास जायला दोन महिने लागले.

फ्रॉक टिकाऊपणात सरस. चेन धातूची आणि डाव्या कुशीत, पाठीवर नाही. कंबरेत शिवणीला भरपूर माया सोडलेली, ती उसवून दीड इंच वाढवून मिळाला. हल्लीच्या तयार कपड्यांत टेलरने उसवायला घेतलं तर हाती काही लागत नाही.

याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘अस्सल पन्नासच्या दशकातला’ म्हणून भलताच फ्रॉक पाठवला होता. आत शिवलेल्या पट्टीवर कसा धुवावा याच्या सूचना छापलेल्या! अमेरिकेत ती पट्टी सक्तीची झाली १९७२मध्ये. वर चेन नायलॉनची. परत घ्यायला त्याने तीन आठवडे हुज्जत घातली. तेव्हापासून मी चेन आणि पट्टीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देत नाही.

जीन्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कापड जपानी, ओकायामाकडचं, जुन्या शटलच्या अरुंद मागावर विणलेलं. पाय दुमडला की लाल दोऱ्याची किनार दिसते. पहिले सहा आठवडे गुडघा वाकवणं ही शिक्षा होती. आता मऊ झालीय आणि आठवड्यातून चार दिवस अंगावर असते.

चेरीच्या ड्रेसला नावं ठेवली खरी, पण नाचायला तोच सोयीचा. खाली कॅनकॅन घातला की घेर उभा राहतो, मशीनमध्ये धुता येतो, घामाची भीती नाही. इलॅस्टिकचा पाठभाग मात्र ढिला पडू लागलाय. आणि उघड्या खांद्यांना बाहेरचं म्हणून मोडीतही काढता येत नाही. त्या काळातली रॉकाबिली गायिका वांडा जॅक्सन स्वतः कपड्यांचं डिझाइन करायची, आई शिवून द्यायची. १९५५मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलमधल्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाच्या मंचावर जाण्याआधी खांदे झाका म्हणून तिला अडवलं, आणि ती जाकीट चढवून गायली. परत तिथे जायचं नाही असं तिने तेव्हाच ठरवलं. म्हणून ड्रेस ठेवते, त्यावरचा प्लॅस्टिकच्या चेरींचा पट्टा तेवढा काढून टाकलाय.

पुन्हा पैसे घालायचे झाले तर आधी शर्ट, मग जीन्स. फ्रॉक मापाचा मिळाला तरच. शर्टाला १४० डॉलर पडले, ते मला जड वाटले नाहीत. चेरीच्या ड्रेसचे ९० मात्र वाटले.